डावीकडून तिसरा

फोटोत तो डावीकडून तिसरा. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. पुढे सांगायला जागा मिळेलच असं नाही.

हॉलच्या भिंतीवर सव्वीस वर्षं लटकलेला तो फोटो. ताई, आई, तो, वडील, धाकटा, अशी रांग. बटण दाबलं गेलं नेमक्या त्या क्षणी त्याचे डोळे मिटले. तेव्हा फिल्म जपून वापरायचे. फोटोवाल्याने दुसरा फोटो न काढता त्याच फोटोत बारीक ब्रशने त्याचे डोळे काढून दिले. मिटल्या पापण्यांवरचे ते डोळे इतके टक्क उघडे, की घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्याकडे बघतो आणि मग वळून दाराकडे बघतो, कोण आलंय म्हणून.

(शुद्धिपत्र : वरच्या परिच्छेदात 'डोळे काढून दिले' याऐवजी 'डोळे रंगवून दिले' असे वाचावे. मराठीत माणूस फोटोही काढतो, चित्रही काढतो आणि काटाही काढतो. या क्रियापदाचा भरवसा नाही.)

तो छापखान्यात मुद्रितं तपासतो. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या चुका लाल पेनने पकडतोय. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, जिथे नको तिथे स्वल्पविराम. नको असलेल्या शब्दावर आडवी रेघ आणि समासात शेपटीचं वेटोळं: म्हणजे हा शब्द काढा. चुकून कापलेला शब्द परत हवा असेल, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची: म्हणजे राहू द्या. या दोन खुणांवर त्याचा संसार उभा आहे. ज्या म्हाताऱ्या तपासनिसाच्या हाताखाली तो शिकला त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चुकीच्या शब्दाला भिऊ नकोस, तो डोळ्यात खुपतो. गळलेल्या शब्दाला भी. त्याच्याशिवायही वाक्य नीट लागत असेल, तर तो गेला हे कोणाच्या बापाला कळत नाही."

घरी त्याला 'अनुस्वार' म्हणतात. हे नाव ताईच्या नवऱ्याने ठेवलं. आकाराने टिंब, पण बसायचं सगळ्यांच्या डोक्यावर, हा त्यांचा खुलासा. पंगतीत, प्रवासात, दवाखान्यात, जिथे चार माणसं नवीन भेटतील तिथे मेव्हणे हा खुलासा पहिल्यांदाच सुचल्यासारखा करतात.

तर आता आई धाकट्याकडे जाणार होती. धाकटा परदेशात. तिथे घराला जिना नव्हता, डॉक्टर दोन चौक पलीकडे होता, आणि धाकट्याने आईसाठी खिडकीची खोली रंगवून ठेवली होती. इथे तीन मजले चढायचे आणि खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी बघायची. "जाऊ का?" असं आईने विचारलं नाही. "जाते," म्हणाली. अठ्ठावीस वर्षं वाक्यं तपासणाऱ्याला गळलेलं प्रश्नचिन्ह बरोबर ओळखू येतं.

"सामानाचं वजन ठरलेलं असतं म्हणे," आई म्हणाली. "फोटो एकच नेईन. हा भिंतीवरचा."

"हा कशाला?"

"मग कोणता? याच्यात सगळे आहेत. हे होते तेव्हाचे."

"आई, याच्यात माझे डोळे माझे नाहीत."

"तू आहेस ना. डोळ्यांचं काय एवढं."

पण त्याला ते लागलं. परक्या मुलखातल्या त्या रंगवलेल्या खोलीत आई रोज सकाळी उठणार, आणि थोरल्या मुलाच्या नावाने हे दचकलेलं ध्यान बघणार. आणि काही वर्षांनी तिला तेच खरं वाटायला लागणार. त्याने ठरवलं: एकोणीस तारखेला आईचं विमान, त्याच्या आत सगळ्यांचा एक चांगला फोटो. डोळे उघडे, आपले आपले.

चांगली गोष्ट मनात ठेवावी. ती त्याने बायकोला सांगितली. बायकोने ताईला सांगितली, आणि ताई फोनवर बोलत असताना खालच्या मजल्यावरच्या मोजणीवाल्यांनी ऐकली. मोजणीवाले जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मोजायला काही उरलं नव्हतं. ते संध्याकाळी टेप घेऊन वर आले.

"कौटुंबिक फोटो म्हणजे काय, जमिनीचा नकाशाच," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "हद्दी आधी कायम करा. कोण कुठे उभा, कागदावर घ्या. ज्याची हद्द कायम नाही, त्याच्या जागेत शेजारी घुसतो. चाळीस वर्षं बघितलंय."

त्यांनी समोर होते त्यांची उंची घेतली, खांदे मोजले, बाकीच्यांची मापं फोनवरून मागवली, आणि नकाशा काढला. डावीकडून धाकट्याची बायको, धाकटा, तो. मध्ये खुर्चीत आई. मग ताई, मेव्हणे, बायको, मुलगी. मेव्हण्यांच्या पोटासाठी सहा इंच जादा धरले. नकाशाच्या खाली सही केली आणि त्यालाही करायला लावली.

कपड्यांचं ठरायला नऊ दिवस गेले. सगळ्यांनी आकाशी घालावं, असं धाकट्याच्या बायकोने कळवलं. ताईने विचारलं, कधीचं आकाश? त्यावर धाकट्याच्या बायकोने एक कापडाचा फोटो पाठवला, तो प्रत्येकाच्या फोनवर वेगळा दिसला. शेवटी मेव्हणे राखाडी शर्टात आले आणि म्हणाले, ढगाळ आहे.

आईला न्यायला धाकटा बायकोसह आला होता. स्टुडिओची वेळ साडेअकराची होती. फोटोवाला मनुष्य अबोल, आणि तोंड उघडलं की फाडकन बोलणारा. त्याने चाळीस फोटो काढले. आईजवळच्या जागेवरून ताई आणि धाकट्याची बायको एकमेकींशी इतक्या गोड बोलल्या, की खोलीतल्या बाकीच्यांना धडकी भरली. मोजणीवाल्यांचा नकाशा दाखवल्यावर दोघी एकदम म्हणाल्या, "हे कोण?"

चाळीसपैकी सदतीस फोटोंत त्याचे डोळे मिटलेले निघाले.

"साहेब, तुमच्या पापण्यांना फ्लॅशचा वास येतो," फोटोवाला म्हणाला.

उरलेल्या तिनांत त्याचे डोळे उघडे होते. छान उघडे, शांत, थोडे विचारी सुद्धा. पण पहिल्यात आई चप्पल शोधत होती, दुसऱ्यात मेव्हणे शिंकत होते, आणि तिसऱ्यात धाकट्याच्या बायकोने आपला चेहरा बघून सांगितलं, की हा बाहेर गेला तर ती येणार नाही. कुठे येणार नाही, हे तिने सांगितलं नाही.

"काही बिघडत नाही," धाकटा म्हणाला. "जायच्या आधी चार दिवस सगळे तळ्यावर जाऊ. मोकळी हवा, चांगला उजेड. फोटो असेच यावे लागतात, दादा. ठरवून येत नाहीत." आणि त्याने लगेच फोटोची वेळ ठरवली: तिसरा दिवस, संध्याकाळी पावणेसहा.

(शुद्धिपत्र : 'चार दिवस सगळे तळ्यावर' येथे 'सगळे' याचा अर्थ 'सगळे, आणि बॅगा उचलायला अनुस्वार' असा घ्यावा.)

तिसऱ्या दिवशी पावणेसहाला तळ्यावरचा उजेड खरोखर मधासारखा होता. त्याने कॅमेऱ्याचं स्टँड उघडलं. आई बाकावर बसली. तेवढ्यात रखवालदार आला.

"तीन पायांचं चालणार नाही."

"काय?"

"स्टँड. हातातला कॅमेरा चालतो. स्टँड लावलं की व्यावसायिक चित्रण. परवानगी लागते."

"आमच्या सासूबाईंच्या काठीला खाली चार पाय आहेत," मेव्हणे म्हणाले. "त्यांचं काय करायचं?"

रखवालदाराने खरोखर विचार केला. "चारचा नियम नाही."

परवानगीची कचेरी शंभर पावलांवर होती. खिडकीवर पाटी: 'छायाचित्रणाची परवाणगी येथे मिळेल.' तो त्या 'ण'कडे बघत उभा राहिला. एकदा डोळे मिटून घेतले. या वेळी मात्र मुद्दाम. आपण सुट्टीवर आहोत, असं त्याने स्वतःला बजावलं. मग कारकुनाने अर्ज दिला आणि अर्जावरही 'परवाणगी' निघाली. त्याच्या हाताने त्याला न विचारता त्या 'ण'भोवती गोल काढला आणि समासात 'न' लिहिला.

"हे काय?" कारकून म्हणाला.

"दुरुस्ती."

"सरकारी अर्जावर खाडाखोड चालत नाही. नवीन अर्ज घ्या."

नवीन अर्जावरही तोच 'ण' होता. हातही तोच होता. तिसऱ्या अर्जाच्या वेळी बायकोने त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि स्वतः अर्ज भरला. प्रयोजन या रकान्यात तिने लिहिलं, 'नवऱ्याचे डोळे.' कारकुनाने शिक्का मारला.

परत येईपर्यंत सूर्य डोंगराआड गेला होता. सगळे जांभया देत होते. रखवालदाराला बहुधा वाईट वाटलं. "द्या फोन इकडे," तो म्हणाला. "हातात धरून मी काढला तर कुठलाच नियम नाही." काखेत नोंदवही दाबून त्याने फोन धरला. सगळे उभे राहिले, आणि गंमत म्हणजे मोजणीवाल्यांच्या नकाशाप्रमाणेच उभे राहिले. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"सरळ उभे राहा रे," मेव्हणे म्हणाले. "नाहीतर अनुस्वार आपल्यालाही गोल करून समासात नवीन माणूस लिहील."

सगळे हसले. आई तर तोंड उघडून हसली. पुढचा दात पडल्यापासून ती तोंडावर हात घेऊन हसायची. हात वर न्यायला तिला या वेळी सवडच मिळाली नाही. रखवालदाराने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

असा फोटो घरात कधी झाला नव्हता. मावळतीचं तळं, आठ माणसं, कोणी कोणाकडे बघत नाही आणि सगळी एकाच गोष्टीला हसताहेत. ती गोष्ट म्हणजे तो, हे सोडा. आणि डावीकडून तिसरा, डोळे मिटून.

"अहो, किती सुरेख आलाय," बायको म्हणाली.

"माझे डोळे?"

"तुमचे मिटलेलेच बरे दिसतात. शांत वाटता."

त्याने दुसऱ्या दिवशी परत काढू या म्हटलं. कोणी नाही म्हणालं नाही. फक्त कोणी आलं नाही.

घरी परतल्यावर तो फोटो घेऊन स्टुडिओत गेला. फोटोवाल्याकडे त्याचे उघड्या डोळ्यांचे तीन फोटो होतेच.

"नुसते डोळे बसवले तर रंगवल्यासारखे दिसतील," फोटोवाला म्हणाला.

"ते नको," तो घाईने म्हणाला.

"मग अख्खा माणूस बदलू. ते सोपं. काय हवं ते लिहून द्या. आमचा कम्प्युटरवाला तोंडी ऐकत नाही, लिहिलेलं तेवढं मानतो."

हे वाक्य ऐकून त्याला भरून आलं. लिहिलेलं मानणारा एक तरी माणूस या शहरात होता. त्याने लाल पेन काढलं. नमुन्याच्या फोटोत स्वतःच्या छातीवरून आडवी रेघ मारली, समासात शेपटीचं झोकदार वेटोळं काढलं, आणि कमीत कमी शब्दांत, जसं अठ्ठावीस वर्षं लिहीत आला होता तसं, लिहिलं:

'डावीकडून तिसरा : डोळे मिटलेले. काढणे. दुसरा काढलेला आहे.'

एकोणीस तारखेला सकाळी तो फ्रेम घ्यायला गेला. आदल्या रात्री छापखान्यात एका जाडजूड अहवालाची घाई होती, डोळ्यांवर झापड होती. फ्रेम खाकी कागदात बांधून तयार होती. त्याने सुतळी सोडून बघितली नाही. त्याच्या हातून न तपासता पुढे गेलेलं हे पहिलं पान.

घरात बॅगा वजनकाट्यावर चढत-उतरत होत्या. त्याने फ्रेम टेबलावर ठेवली आणि कागद सोडला. सगळे भोवती जमले.

"अगं बाई, आईचं हसू बघ," ताई म्हणाली.

"दादा, मानलं तुला," धाकटा म्हणाला.

"माझं पोट कुठे गेलं?" मेव्हणे आनंदाने म्हणाले.

"बाबा, रंग कसले मस्त आलेत," मुलगी म्हणाली.

बायकोने स्वतःला बघितलं, पदर ठीक होता, आणि ती डबे भरायला आत गेली. प्रत्येकाने आपला चेहरा शोधला, प्रत्येकाला तो मिळाला, आणि प्रत्येकाचं समाधान झालं.

तो शोधत राहिला.

डावीकडून धाकट्याची बायको, मग धाकटा, मग आई. धाकटा आईला अगदी खेटून. दोघांमध्ये बोटभरही फट नव्हती, मागे तळ्याचं पाणी सलग होतं. काम इतकं सफाईदार, की तिथे कधी कोणी होतं असं शपथेवर सांगितलं तरी खोटं वाटावं. आईच्या खांद्यावरचा हात तेवढा होता. तो त्याचा होता. तर्जनीवर लाल शाईचा डाग होता. हा हात आता धाकट्याच्या बाहीतून निघत होता.

वाक्य त्याच्याशिवाय नीट लागत होतं.

आईने चष्मा लावला. फ्रेम मांडीवर घेतली, आणि डावीकडून एकेकावर बोट ठेवत गेली. तिसऱ्या ठिकाणी बोट तिच्या स्वतःवरच आलं. ती परत पहिल्यापासून निघाली.

"तू कुठे आहेस रे?"

सगळे पुन्हा वाकले. तिथे आपण सगळे होतो, फोन रखवालदाराच्या हातात होता, याला अजून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते.

"अगं, हाच काढत होता ना," ताई म्हणाली.

"हो की," धाकटा म्हणाला. "दादानेच काढला. काढणारा कसा येईल?"

मेव्हण्यांनीही मान डोलावली. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. आणि सगळ्यांना तळ्यावरचं आता स्वच्छ आठवायला लागलं: समोर अनुस्वार, एक डोळा मिटून, 'थोडं डावीकडे सरका' म्हणतोय.

आई त्याच्याकडे बघत होती. "तू काढलास?"

खाली गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. त्याने वाक्य मनात एकदा तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.

"हो आई. मीच काढला."

"तरीच सगळे नीट आले," आई म्हणाली. मग तिचं बोट खांद्यावरच्या हातापाशी थांबलं. "याच्या बोटाला शाई कुठून लागली?"

धाकट्याने डोळे बारीक करून बघितलं. "छपाईतला दोष असेल, आई."

आईने पदराच्या टोकाने काच पुसली. डागापाशी दोनदा पुसली. मग फ्रेम स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवली, भरलेली बॅग परत काट्यावर चढवली, आणि ती वजनात बसली.

(शुद्धिपत्र : गाडी सुटताना आईने खिडकीतून हात केला. 'सर्वांना' असे छापले जाईल. ते तसेच ठेवावे.)

दुपारी तो स्टुडिओत गेला. भांडायच्या तयारीने गेला होता. फोटोवाल्याने त्याच्याच अक्षरातला नमुना पुढे ठेवला.

"तुम्हीच लिहिलंय. तिसरा, काढणे. वर रेघ मारलीत, हे शेपटीचं काय ते काढलंत."

"आणि पुढे? दुसरा काढलेला आहे, हे?"

"कम्प्युटरवाल्याला वाटलं, अजूनही कोणी एक होता, त्याला आधीच काढलंय. म्हणून त्याने फक्त तिसरा काढला." फोटोवाल्याचा आवाज खाली आला, पण तो अपराधाने नाही, अभिमानाने. "हात तेवढा ठेवावा लागला, साहेब. खांद्यावरून काढला तर बाईंचा खांदा फाटत होता. पण जोड कुठेय ते दाखवा तुम्ही. तुम्ही तपासणारे आहात. दाखवा."

त्याला दाखवता आला नाही. नमुन्यावरचं आपलं वाक्य त्याने तीन वेळा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं.

घरी आला तेव्हा हॉल ओळखू येत नव्हता. आईची खुर्ची आत हलवली होती, तिच्या जागी फरशीचे चार चौकोन जास्त स्वच्छ होते. बायको भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आईंनी नवा नेला," ती म्हणाली. "मग हा आता काढायचा ना? रंगवून घेऊ भिंत."

"कोणता काढायचा? नीट सांग."

"हाच. दुसरा कोणता आहे?"

त्याने स्टूल ओढलं, जुनी फ्रेम खाली घेतली, मागचे खिळे उचकटले आणि फोटो बाहेर घेतला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. ताई, आई, तो, वडील, धाकटा. त्याने खिशातून पेन्सिल घेतली आणि डावीकडून तिसऱ्याच्या पायाखाली, सावकाश, एका ओळीत टिंबं दिली.

"हे काय करताय?" बायकोने विचारलं.

तो टक्क उघड्या डोळ्यांकडे बघत होता.

"राहू दे," तो म्हणाला.